सिलास पळाला, असं साहेब लिहितो

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

कोर्टातल्या माझ्या टेबलावर आज भाषांतराला खरेदीखत नाही, वाटणीपत्र नाही — एक पुस्तक! दीडशे वर्षांपूर्वीचं, लंडनला छापलेलं, विटेएवढं जाड. कोणी इंग्रज साहेब आफ्रिकेच्या पार आत, सरोवरांपर्यंत जाऊन आला, त्याची हकीगत. घेऊन आल्या एस्तेरबाई. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, म्हणून सगळा शरणपूर रोड त्यांना सिस्टरच म्हणतो. बरोबर भाचा शांतवन, ओझरच्या विमान कारखान्यात असतो. पुस्तक त्यालाच सापडलं, नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका भंगारवाल्याकडे. सहज उघडलं तर आत 'नासिक' शब्द. उचललं.

बसल्या बसल्या सिस्टरनी विचारलं, "गावित, तुम्ही भाषांतराखाली सही करता, तिच्या वर काय लिहिता?"

"भाषांतर मूळ मजकुराशी तंतोतंत जुळते."

"मला तसंच पाहिजे. इंग्रजी मला येतं, पण डोळे गेले. शांतवन वाचून दाखवेल, पण तो घरातला. घरातला माणूस वाचताना गाळतो."

शांतवन हसला. म्हणजे गाळत असणार.

मग त्यांनी सांगितलं. इंग्रजांच्या काळात अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडायचे. त्यातून सोडवलेली आफ्रिकन पोरं शरणपूरच्या मिशनात आणून वाढवली. अक्षर शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. पुढे साहेब लोक आफ्रिकेत शोध लावायला निघाले की यातलेच तरुण बरोबर न्यायचे. सिस्टरचे पणजोबा सिलास त्यातले. आठ वर्षांचे असताना आले, विसाव्या वर्षी गेले. बायको इथलीच, दुष्काळात मिशनात आलेली सगुणा. ती तेव्हा गरोदर. ते परत आलेच नाहीत.

"नदीला पूर होता. साहेबाला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडलं आणि स्वतः वाहून गेले. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. पुस्तकात कसं लिहिलंय तेवढं मला ऐकायचंय."

मी वीस वर्षं शरणपूर रोडवरून जातो-येतो. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

११ फेब्रुवारी

शेवटी सूची आहे. 'सिलास, नासिकचा पोरगा' — पानं ३१, ८८, २१४. तीनच. शनिवारपर्यंत होईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पान ३१ : "मुंबईहून दोन नासिकवाले घेतले. एक सिलास, उंच, हाताने कामसू. पण शिकलेल्या काळ्या माणसाला असते तशी स्वतःबद्दल भलती कल्पना."

पान ८८ : सिलासने तंबूची मोडलेली पेटी दुरुस्त केली. एवढंच.

पान २१४ दुपारी जेवणाच्या सुट्टीत काढलं. डबा तसाच राहिला.

"आज सकाळी सिलास पळाल्याचे कळले. माझी एक घोंगडी घेऊन गेला. या पोरांवर मिशनने खर्च केला, धर्म दिला, अन्न दिले, आणि कृतज्ञता म्हणजे काय ते मात्र शिकवायचे राहून गेले. शोधायला माणसे पाठवण्याइतकी त्याची किंमत नव्हती."

नदी नाही. पूर नाही. खांदा नाही.

उगाच आशा म्हणून मागची-पुढची चार पानं चाळली. साहेब पुढे पक्ष्यांबद्दल लिहितो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केलं. जे भाषांतराच्या सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं.

सिस्टरचं घर तळमजल्यावर, दोन खोल्या. मी येणार म्हणून चांगली साडी नेसून बसल्या होत्या. शेजारची एक बाईही ऐकायला आली होती. टेबलावर केक.

सिस्टर म्हणाल्या, "माझे केस बघा गावित. लहानपणापासून लोक विचारतात, तुम्ही कुठल्या? मी सांगते, नाशिकची. मग म्हणतात, तसं नाही, मूळच्या कुठल्या? शाळेत पोरी काय काय हाका मारायच्या ते सांगत नाही. घरी येऊन रडले की आजी म्हणायची, तुझा पणजोबा साहेबाला खांद्यावर घेऊन नदी उतरला, तू कोणाला भितेस?" मग हात जोडून म्हणाल्या, "वाचा."

पान ३१ वाचलं. 'भलती कल्पना' गाळली. पान ८८ वाचलं. आणि मग माझ्या तोंडून निघालं — "नदीला मोठा पूर आला होता. सिलासने मला खांद्यावर घेतले..."

घडाघडा सुचत गेलं! इतकं बेमालूम की मलाच भीती वाटली. "अशी माणसे मी फार थोडी पाहिली," असं साहेबाच्या तोंडी घालून मी थांबलो. सिस्टर रडल्या नाहीत. फक्त चष्मा काढून पुसला. दिसत नाही, तरी पुसला.

शेजारीण म्हणाली, "टाइप करून द्या हो. चर्चमध्ये वाचू."

१६ फेब्रुवारी

केकची चव तोंडातून जात नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्नेहलला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही? आपल्या लग्नात माझी साडी कशी दिसते विचारलं तर म्हणाला होतात, काठ उसवलाय. तुम्ही खोटं वाचलंत?"

"म्हाताऱ्या बाईला काय सांगणार होतो?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण त्या तुमच्याकडे का आल्या ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

पुन्हा भाजी निवडायला लागली. यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सिस्टरनी स्मशानभूमीत नेलं. शांतवनच्या गाडीतून. मला वाटलं होतं, फोनवर टाळता येईल. आलं नाही टाळता.

सगुणाबाईंची कबर जुनी आहे. दगडावर वरच्या अर्ध्यात त्यांचं नाव आणि साल. खालचा अर्धा कोरा. सगुणाबाईंनीच सांगून ठेवलं होतं म्हणे, की खालची जागा सिलासची. तेव्हापासून कोणी तिथे काही कोरलं नाही, कारण कोणाकडे लेखी काही नव्हतं. मिशनच्या जुन्या वहीत फक्त 'गेला' एवढं आहे.

"आता लेखी आहे," सिस्टर म्हणाल्या. "ईस्टरला पहाटे आम्ही सगळे इथे येतो. त्याच्या आत नाव घालायचं. खाली साहेबाचं वाक्य घालू — अशी माणसे मी फार थोडी पाहिली. किती सुंदर लिहिलंय हो."

ते वाक्य माझं आहे. दगडावर जाणार. माझं खोटं, नाशिकच्या बेसाल्टवर, कायमचं.

शांतवन बाजूला उभा होता. परत येताना हळूच म्हणाला, "सर, मी पान २१४ वाचलंय. भंगारवाल्याकडेच वाचलं होतं. आत्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून तुमच्याकडे आणलं." मग म्हणाला, "तुम्ही माझ्यापेक्षा जास्त गाळलंत."

२४ फेब्रुवारी

ठरवलं. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं. सूचीवर विसंबून नाही. खोटं मागे घ्यायचं तर निदान पूर्ण माहिती घेऊन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दीडशेव्या पानाशी दुसरा नासिकवाला तापाने गेला. साहेबाने दोन ओळी लिहिल्या. त्यानंतर साहेब 'नासिकवाला' म्हणतो तो सिलासच, दुसरा कोणी उरलेलाच नाही. पण तिथे तो नाव घेत नाही, म्हणून सूचीत ती पानं नाहीत.

पान २०९. पुन्हा पुन्हा वाचलं. शब्द न शब्द उतरवतो :

"आज एका गावात गमतीचा प्रसंग घडला. ओझी उतरवत असता एक म्हातारी माझ्या नासिकवाल्यापाशी आली आणि त्याच्या मानेवरची जुनी डागाची खूण बोटांनी चाचपू लागली. मग तिने जो आकांत मांडला, त्याने सगळे गाव गोळा झाले. दुभाष्या म्हणाला, हा आपला लहानपणी पळवून नेलेला मुलगा, असे ती म्हणते. असले दावे या भागात नेहमीचे. उद्देश मोबदल्यात कापड उपटण्याचा. पोरगा ओंडक्यासारखा उभा. तिची भाषा त्याला येत नव्हती. शेवटी तो काहीतरी बडबडला, ते माझ्या मुंबईच्या स्वयंपाक्याने ओळखले — ते मराठी होते. म्हातारीला अर्थातच काही कळले नाही. आम्ही फार हसलो."

काय बडबडला ते साहेबाने लिहिलेलं नाही.

पान २१४ ची नोंद त्यानंतर तीन दिवसांची.

मी सुरगाण्याच्या आश्रमशाळेत होतो. पहिलीत असताना आमची बोली बोललं की गुरुजी हातावर छडी द्यायचे. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईने काहीतरी विचारलं आणि मी शाळेच्या मराठीत उत्तर दिलं. ती माझ्याकडे पाहुणा आल्यासारखी बघत राहिली होती. मी सात वर्षांचा होतो आणि फक्त चार महिने गेलो होतो. सिलास बारा वर्षं गेला होता.

२ मार्च, रविवार

गावी जाऊन आलो. सुरगाण्यापर्यंत बस, पुढे जीप. जीपमध्ये निम्मी माणसं द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे गेलेली, दोन दिवस घरी परतणारी.

आई — कुसाबाई, आता नीट चालवत नाही — ओट्यावर नागली पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. आफ्रिका म्हणजे कुठे ते सांगताना अडलो, तर म्हणाली, "लांब. समजला. पुढं सांग."

सांगून झालं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"त्यो तिचाच पोसा व्हता ना?" आमच्यात मुलाला पोसा म्हणतात.

"असणार. मानेवरची खूण तिने ओळखली."

"मंग पळाला कसा म्हनतोस? घरी गेला त्यो."

मी म्हटलं, "साहेब पळाला असं लिहितो."

"सायबाची आई व्हती का ती?"

पुन्हा सूप उचललं.  मी शिकलेला, परीक्षा दिलेला, शिक्का असलेला भाषांतरकार. तीन दिवस ते पान घेऊन बसलो होतो, आणि 'पळाला' हाच शब्द डोक्यात धरून.

८ मार्च, शनिवार

सांगितलं सिस्टरला.

एकट्याच होत्या. आधी मी म्हटलं, मागच्या वेळी वाचलं त्यातलं नदीचं सगळं माझ्या मनाचं होतं. पुस्तकात नाही.  मग मी २०९ वाचलं, मग २१४. या वेळी एक शब्द गाळला नाही. घोंगडी, कृतज्ञता, किंमत, 'आम्ही फार हसलो' — सगळं. मी दोनदा थांबलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबू नका."

वाचून संपलं. बाहेर भंगार गोळा करणाऱ्याची हाक जवळ आली, लांब गेली.

"तुम्ही माझी कीव केलीत," त्या म्हणाल्या. "मला कीव नको होती गावित. मला मजकूर पाहिजे होता."

"चुकलं माझं."

"चाळीस वर्षं मी बायांना सांगितलंय. मूल गेलं असेल तर गेलं म्हणून सांगितलंय. डोळ्यांत बघून. ते सोपं वाटतं तुम्हाला? पण ज्याचं त्याला सांगायचंच असतं. तुम्ही कोण ठरवणारे, मला काय झेपेल ते?"

मी मान खाली घातली. मग मला वाटलं, आईचं वाक्य सांगावं. सांगितलं — पळाला नाही, घरी गेला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

सिस्टर ताडकन म्हणाल्या, "आणि हे घर? हे घर नव्हतं का त्याचं? सगुणा पोट घेऊन बसली होती इथे. नवरा मेला तर बाई विधवा होते. टाकून गेला तर काय होते, ते मला सांगू नका, मी वॉर्डात हजार बघितल्यात. नदी कोणी आणली असेल आमच्या घरात? सगुणानेच. लोकांना तोंड द्यायला तिने नदी आणली, आणि खालची जागा कोरी ठेवून वाट बघत बसली. त्याला आई मिळाली. चांगलं झालं. हिला काय मिळालं?"

मी पुस्तक मिटून पिशवीत घालायला लागलो. 

निघताना म्हणाल्या, "पुस्तक इथेच ठेवून जा."

९ मार्च

स्नेहलने विचारलं, काय झालं? म्हटलं, खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग तोंड असं का?" म्हटलं, खरं सांगून कोणाचं भलं झालं ते कळत नाही म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार

फोन नाही. मीही केला नाही. कोर्टाला सुट्टी. गल्लीत पोरं रंग खेळतात.

१९ मार्च, बुधवार

शांतवन टेबलापाशी आला. हातात पुस्तक. मला वाटलं, आता हा भांडणार.

"आत्याने परत पाठवलंय. म्हणाली, सगळं करा. जिथे जिथे तो आहे ते सगळं. नाव असो नसो. साहेब त्याला काय काय म्हणाला तेही. आणि खाली तुमचं नेहमीचं वाक्य लिहून सही."

"त्या कशा आहेत?"

"तीन दिवस कोणाशी बोलली नाही. मग मला म्हणाली, मानेवरची खूण कुठल्या बाजूला होती, विचार गावितांना." त्याने खुर्ची ओढली. "पुस्तकात आहे का हो?"

बघितलं. नाही. बाजू लिहिलेली नाही. मी तसं लिहून दिलं त्याला — मूळ मजकुरात बाजूचा उल्लेख नाही.

वाचून शांतवन म्हणाला, "हे तिला आवडेल."

२७ मार्च, गुरुवार

रोज कोर्टाचं काम आटोपून संध्याकाळी एक तास. आता साहेबाची खोड कळायला लागली. 'नासिकवाला' आजारी पडला की लिहितो 'ढोंग'. स्वतः आजारी पडला की चार पानं! ओझी उचलणाऱ्यांची नावं नाहीत, गाढवाचं आहे. गाढव मेलं तर हळहळ. तरी रागावून वाचलं की भाषांतर बिघडतं, म्हणून शांत राहतो. साहेब जसा आहे तसाच मराठीत आणायचा. त्यालाही सुधारायचा नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर सिस्टरचा फोन. आवाज बरा वाटला.

"दगडावर काय घालायचं ते ठरवलं. त्याचं नाव. खाली — आईकडे राहिला. बस."

"साहेबाचं काही?"

"साहेबाचं काही नाही. नदीही नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या आईला विचारा, चालेल का."

आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "चालंल. पण नाशकातली बायकू?"

हे मी सिस्टरना कळवलं नाही. पुन्हा गाळलं. पण हा मजकूर नव्हे, हा आईचा प्रश्न — अशी स्वतःची समजूत घातली.

५ एप्रिल, शनिवार

दगडावर कोरणारा गोटीराम म्हणून आहे. त्याच्याकडे सिस्टरना घेऊन गेलो. ऊन मरणाचं. त्यांनी त्याला अक्षराची उंची बोटाने दाखवली, आणि वरच्या 'सगुणा'पेक्षा मोठी नको म्हणाल्या. "तिच्यापेक्षा लहानच कर. एक पाऊल मागेच उभा राहू दे त्याला."

गोटीराम म्हणाला, "गुरुवारी नाव करतो, ओळ शनिवारी."

रिक्षात सिस्टर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मी रागावले होते तुमच्यावर. अजून थोडी आहे." पुढे काही अंतर गेल्यावर — "पण त्याच्यावरचा राग जास्त आहे, म्हणून तुमचा मावतो."

मी विचारलं, "माफ नाही करणार त्याला?"

"नाव घालतेय ना शेजारी? आणखी काय करू? सगुणाच्या वतीने माफ करायला मी कोण?"

१० एप्रिल, गुरुवार

गोटीरामने फोटो पाठवला. 'सिलास' झालं. अक्षर देखणं आहे. फोटो सिस्टरना दिसणार नाही, म्हणून मी शब्दांत सांगितला. काना कुठे, वेलांटी कशी, सगळं.

भाषांतर एकेचाळीस पानं झालं. शनिवारी सही-शिक्का.

१२ एप्रिल, शनिवार

सही करायला पुस्तक उघडलं, तर सूचीच्याही मागे आठ पानं — कडा न कापलेली, छापखान्यातून आली तशीच जोडलेली. दीडशे वर्षांत कोणी उघडलीच नाहीत. जाहिराती असतील असं धरून चाललो होतो. स्नेहलच्या सुरीने कापली. आत बारीक टायपात बरोबरच्या माणसांची यादी, आणि पुढे प्रत्येकाचं काय झालं ते.

"सिलास, नासिक. पळाला. पुढील वर्षी किनाऱ्यावर कचेरीत हजर झाला. सोबत एक म्हातारी. नासिक येथे बायको आहे असे सांगून मुंबईच्या जहाजात दोघांना जागा मागत होता. पळपुटा म्हणून नाकारली. तीन महिने रोज येत असे. पुढे माहिती नाही."

गोटीरामला फोन केला — छिन्नी लावू नकोस. मग तसाच सिस्टरकडे. उभ्यानेच वाचलं.

त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. म्हणाल्या, "सगुणाचं मूल तेव्हा दोन वर्षांचं होतं."

मग म्हणाल्या, "नीट वाचा. किती जणांना जागा मागत होता?"

मी नीट वाचलं. दोघांना.